एका ओळीचा माग काढत डेटाबेसच्या पोटात

पत्र: "मी गेली चार वर्षं सर्व्हरचा कोड लिहिते, बहुतेक जावामध्ये. रोजचा डेटाबेस पोस्टग्रेस. मागे एकदा एका टेबलमधल्या लाखो जुन्या ओळी डिलीट केल्या, व्हॅक्यूमही (नको झालेल्या ओळींची जागा मोकळी करणारी कमांड) चालवला, पण डिस्कवरची फाइल तसूभरही कमी झाली नाही. कारण शोधता शोधता पोस्टग्रेसच्या मूळ कोडपर्यंत पोहोचले आणि वाटलं, या कामात आपलाही हात लागावा. कोड उतरवून घेतला, तीन रविवार त्यात घालवले. पण एक फाइल उघडली की ती आणखी दहा फाइलींकडे बोट दाखवते. सी भाषा कॉलेजात शिकले तेवढीच. आधी डेटाबेसचा सगळा सिद्धांत वाचून काढू का? कोड पहिल्यापासून वाचत जाऊ? की त्यांच्या 'टू-डू' यादीतलं, म्हणजे करायचं म्हणून नोंदवलेलं, एखादं काम उचलू? आणि माझं इंग्रजी बेताचं आहे. तिथल्या लोकांशी बोलणार कशी?"

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे: ती न आटलेली फाइल. कोडपाशी तुम्ही एक प्रश्न घेऊन पोहोचलात आणि तो दाराशीच ठेवून आत शिरलात. मग तीन रविवार भटकण्यात गेले यात नवल नाही. पोस्टग्रेसचा कोड दहा लाख ओळींच्या पुढे आहे. १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पापर्यंत त्याची मुळं जातात. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्यांनाही आपापल्या दोन-चार गल्ल्याच नीट ठाऊक असतात. बाकीच्या भागात तेही विचारत विचारत जातात.

तेव्हा कोड पहिल्यापासून वाचू नका, आणि सगळा सिद्धांत आधी संपवायच्याही मागे लागू नका. सिद्धांत लागतो, पण ज्या दिवशी अडेल त्या दिवशी वाचलेला अंगी लागतो. उदाहरणार्थ, बी-ट्री इंडेक्सच्या (ओळी पटकन शोधून देणाऱ्या झाडासारख्या सूचीच्या) फोल्डरमध्ये एक रीडमी, म्हणजे माहितीची, फाइल आहे. लेहमन आणि याओ यांच्या १९८१ च्या शोधनिबंधातली पद्धत इथे वापरली आहे, हे ती सुरुवातीलाच सांगते, आणि मग मूळ पद्धतीपासून पोस्टग्रेस कुठे नि का वेगळं वागतं तेही सांगते. प्रत्येक पानाला (डेटाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याला) उजव्या शेजाऱ्याचा पत्ता का ठेवावा लागतो, हा प्रश्न कोड बघताना एकदा पडला की तो निबंध तुम्ही एका बैठकीत वाचाल. प्रश्न पडण्याआधी वाचलात तर दोन पानांनंतर झोप येईल.

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो. मी टेबलमधली फक्त एक ओळ आणि एक अपडेट घेणार आहे.

पहिलं काम, कोड स्वतः कंपाइल करणं. तयार पॅकेज इथे उपयोगाचं नाही. 'एनेबल-डिबग' आणि 'एनेबल-कॅसर्ट' हे पर्याय चालू करा आणि ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवा, नाहीतर डिबगरमध्ये (चालता कोड थांबवून बघायच्या साधनात) ओळी उड्या मारतात आणि अर्ध्या व्हेरिएबल्सच्या किमती दिसत नाहीत. कॅसर्टमुळे कोडमध्ये पेरलेल्या हजारो तपासण्या जाग्या होतात. तुम्ही एखादा नियम मोडलात तर सर्व्हर जागच्या जागी कोसळतो, आणि शिकणाऱ्याला असं लगेच कोसळणंच हवं असतं. १६ व्या आवृत्तीपासून मेसन हे साधन वापरूनही बिल्ड करता येतं. जुनं कॉन्फिगर-मेक आवडत असेल तर तेही चालतं. मग 'मेक चेक' चालवा. सगळ्या टेस्ट पास झालेल्या एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर ते आपल्यामुळे बिघडलं हे कळेल. डेटाची डिरेक्टरी रूट वापरकर्त्याने तयार करता येत नाही, साध्या वापरकर्त्यानेच करा.

आता एक टेबल, त्यात एकच ओळ. सिलेक्ट करताना नेहमीच्या कॉलमांबरोबर तीन लपलेले कॉलमही मागा: सीटीआयडी (ओळीचा पत्ता), एक्समिन (ती ओळ लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या बदलांच्या गटाचा, क्रमांक) आणि एक्समॅक्स (ती ओळ डिलीट किंवा अपडेट करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा). सीटीआयडी म्हणेल (०,१), म्हणजे शून्य क्रमांकाच्या पानावरची पहिली जागा. तीच ओळ अपडेट करा आणि पुन्हा बघा. आता (०,२). तुम्ही ओळ बदलली नाहीत, शेजारी नवी ओळ लिहिली गेली. जुनी तिथेच आहे, तिच्या एक्समॅक्समध्ये तुमच्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक पडला आहे एवढंच. पेजइन्स्पेक्ट नावाचं एक्स्टेन्शन कोडबरोबरच येतं. ते वापरून ते ८ केबीचं पान उघडून बघा, दोन्ही ओळी दिसतील. मग व्हॅक्यूम चालवा आणि पान परत उघडा. जुन्या ओळीचा मजकूर गेला, पण तिची पहिली जागा मोकळी झालेली नाही. ती आता दुसऱ्या जागेकडे बोट दाखवते आहे!

हे असं का, हे मी इथे मुद्दाम सांगत नाही. हीपच्या, म्हणजे टेबलच्या ओळी साठवणाऱ्या कोडच्या, फोल्डरमध्ये एचओटी नावाची रीडमी आहे. २००८ च्या ८.३ आवृत्तीत आलेली ही युक्ती तिथे इतक्या नितळपणे समजावली आहे की मी ती अजूनही अधूनमधून वाचतो. पण आधी स्वतः पान बघा आणि अंदाज बांधा. अंदाज चुकला तरी चालेल, रीडमी त्यानंतरच उघडा.

यापुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते. 'पीजी_बॅकएंड_पिड' हे फंक्शन तुमच्या प्रोसेसचा क्रमांक देतं. दुसऱ्या टर्मिनलमधून त्या क्रमांकाला जीडीबी हा डिबगर जोडा, 'हीप_अपडेट' या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावा आणि प्रोसेस पुढे चालू द्या. आता पहिल्या टर्मिनलमध्ये अपडेट चालवा. ते थिजेल. जीडीबीमध्ये 'बीटी' टाइप करा, पडद्यावर फंक्शनांची एक उतरंड येईल.

ती खालून वर वाचा. तळाजवळ 'पोस्टग्रेसमेन' आहे, तिथे तुमचं वाक्य नेटवर्कवरून आलं. त्यावर 'एक्झेक_सिंपल_क्वेरी', जिथे त्या वाक्याचं पार्सिंग झालं, अर्थ लावला गेला, रूल लागू झाले आणि प्लॅन तयार झाला. त्यावर 'पोर्टलरन', मग एक्झिक्युटर, मग 'एक्झेकमॉडिफायटेबल', आणि माथ्यावर 'हीप_अपडेट'. तीन रविवारांत जो नकाशा हाती लागला नाही तो या वीसेक ओळींत आहे, आणि तोही तुमच्याच वाक्याने चाललेल्या वाटेचा. प्रत्येक पायरीला फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक आहे. वहीत उतरवून घ्या. पुढचा आठवडा दुसरं काहीही न वाचता फक्त या पायऱ्यांची फंक्शनं वाचा. जे फंक्शन उतरंडीत नाही ते कितीही खुणावत असलं तरी सोडून द्या.

'हीप_अपडेट' शेकडो ओळींचं आहे. पहिल्या वाचनात निम्मं कळणार नाही. एक जागा मात्र नक्की शोधा: 'स्टार्ट_क्रिट_सेक्शन' आणि 'एंड_क्रिट_सेक्शन' यांच्यामधला भाग. पानात खरा बदल होतो तो या दोन ओळींच्या मध्ये, आणि त्या बदलाची नोंद डब्ल्यूएएलमध्ये, म्हणजे आधी लिहायच्या रोजनाम्यात, तीही इथेच होते. या पट्ट्यात कुठलीही एरर आली तर तिचं पॅनिक होतं आणि सगळा सर्व्हर रोजनाम्यावरून पुन्हा उभा राहतो. कारण साधं आहे: पान बदललं आणि नोंद झाली नाही, अशा अवस्थेत पुढे चालू राहणं हा डेटा गमावण्याचा रस्ता आहे. म्हणून जे फसू शकतं ते सगळं, मेमरी मागणंसुद्धा, या पट्ट्याच्या आधी उरकलेलं असतं. कोड नुसता वाचून हा नियम सहज दिसत नाही. तो ट्रान्झॅमच्या (ट्रान्झॅक्शन सांभाळणाऱ्या कोडच्या) फोल्डरमधल्या रीडमीत लिहिलेला आहे. डेटाबेसच्या आतलं काम अवघड आहे ते अशा न दिसणाऱ्या नियमांमुळे. अल्गोरिदम त्या मानाने सोपे.

म्हणून रीडमी फाइलींचा मी एवढा आग्रह धरतो. बफर, लॉक, ऑप्टिमायझर, एक्झिक्युटर, बी-ट्री, ट्रान्झॅक्शन, प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलेली एक आहे. आणि दुसरा तेवढाच मोठा ठेवा म्हणजे कमिटचे (कोडमध्ये दाखल झालेल्या बदलांचे) संदेश. एखादी विचित्र ओळ दिसली की 'गिट ब्लेम' करून ती आणणारा कमिट काढा. पोस्टग्रेसचे कमिट संदेश परिच्छेदच्या परिच्छेद लांब असतात, आणि बहुतेकांच्या खाली त्या बदलावर झालेल्या चर्चेचा पत्ता असतो. ती चर्चा उघडा. पॅचच्या, म्हणजे सुचवलेल्या बदलाच्या, पहिल्या आवृत्तीत काय चुकलं होतं, कोणी कुठली खोच काढली, कुठला मार्ग का सोडला, सगळं तिथे आहे. अशा पाच चर्चा शेवटपर्यंत वाचल्यात तर तिथली माणसं कशाला महत्त्व देतात ते तुम्हाला कळलेलं असेल.

सी भाषेची काळजी थोडी कमी करा. इथली सी पुस्तकातली नाही, या घरची वेगळी बोली आहे. मॅलॉक-फ्री जवळजवळ दिसणार नाही, त्यांच्या जागी 'पीॲलॉक' आणि मेमरी कॉन्टेक्स्ट. एका क्वेरीचा, एका ओळीचा, एका ट्रान्झॅक्शनचा असा वेगवेगळा कॉन्टेक्स्ट असतो आणि काम संपलं की तो अख्खा रिकामा केला जातो. त्यामुळे प्रत्येक तुकडा आठवणीने परत करावा लागत नाही. चूक झाली की 'ईरिपोर्ट' करायचं, आणि एरर पातळीचा असला की तो तिथून थेट बाहेर उडी मारतो, पुढची ओळ चालतच नाही. जावातून आलेल्या तुम्हाला हे एक्सेप्शनसारखं ओळखीचं वाटेल. पॉइंटर, स्ट्रक्ट आणि मॅक्रो एवढी उजळणी करा आणि या बोलीत उतरा.

महिना-दीड महिना असा गेला की काहीतरी लिहावंसं वाटेल. माझं सांगणं आहे की त्याआधी दुसऱ्याचा पॅच तपासा.

पोस्टग्रेसचं काम फेऱ्यांमध्ये चालतं. त्यांना कमिटफेस्ट म्हणतात. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च अशा वर्षाला पाच. पॅच ईमेलने सगळ्यांसमोर पाठवायचा आणि फेरीत त्याची नोंद करायची, अशी पद्धत आहे. मार्चच्या फेरीनंतर, एप्रिलच्या सुमारास, नव्या गोष्टींना दार बंद होतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी मोठी आवृत्ती येते. प्रत्येक फेरीत पॅचचा ढीग असतो आणि कमिट करण्याचा अधिकार तीसेक जणांकडेच. लिहिणारे पुष्कळ आहेत, तपासणारे कमी. जो पॅच पाठवतो त्याने तेवढ्याच आकाराचा दुसऱ्याचा एक पॅच तपासावा, असा तिथला संकेतच आहे.

तुम्ही म्हणाल, मी नवखी, मी काय तपासणार? पुष्कळ काही. पॅच आजच्या कोडवर लागतो का, हेच आधी बघा. कोड रोज पुढे सरकत असल्यामुळे महिन्याभरापूर्वीचा पॅच अनेकदा लागत नाही. एकही वॉर्निंग न देता कंपाइल होतो का? टेस्ट पास होतात का? त्याने स्वतःच्या टेस्ट जोडल्या आहेत का, दस्तऐवज बदलला आहे का? एवढं प्रामाणिकपणे करून कळवलंत तरी ते काम आहे. त्यानंतर खरी मजा सुरू होते, पॅच मोडून बघण्याची. रिकामं टेबल द्या. सगळे नल द्या. पार्टिशन केलेलं टेबल द्या. दोन खिडक्या उघडून एकीत ट्रान्झॅक्शन अर्धवट ठेवा आणि दुसरीतून त्याच ओळीला हात लावा. काम ऐन मध्यात असताना सर्व्हर इमिजिएट पद्धतीने, म्हणजे आवराआवर न करता ताबडतोब, बंद करून परत सुरू करा. रेप्लिकावर (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर) तेच दिसतं का बघा. नवी वाक्यरचना आली असेल तर पीजी_डंप हे बॅकअपचं साधन ती बाहेर काढतं का, हे पॅच लिहिणाराही पुष्कळदा विसरतो. तुमची रोजची चार वर्षं इथे कामी येतात, कारण माणसं डेटाबेस खऱ्या कामात कसा वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि "ही टिप्पणी मी दोनदा वाचली, तरी मला कळली नाही" हेसुद्धा लिहा. नवख्या माणसालाच ते दिसतं. जो त्या कोडमध्ये सहा महिने राहिला आहे त्याला ती टिप्पणी स्पष्टच वाटणार. पॅच स्वीकारला गेला की कमिटच्या संदेशात तपासणाऱ्यांची नावंही लागतात, आणि तुमचं नाव तिथे पहिल्यांदा बहुधा असंच येईल.

तुम्ही 'टू-डू' यादीचं विचारलंत. तिच्यापासून लांब राहा. तिथलं काम वर्षानुवर्षं पडून आहे ते सोपं असूनही कुणाला वेळ नाही म्हणून, असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक कामं एकतर फार खोल आहेत, किंवा ती कशी करावीत यावर एकमत झालेलं नाही, किंवा आता ती कुणाला नकोच आहेत. नवखा माणूस तिथे चार महिने घालवतो आणि पहिल्याच उत्तरात त्याला तीन जुन्या चर्चांचे पत्ते मिळतात.

सफाईचे पॅचही टाळा. नावं बदलणं, मोकळ्या जागा नीट करणं, फंक्शनांचा क्रम लावणं हे निरुपद्रवी वाटतं, पण प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते आणि बगची दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांमध्येही न्यावी लागते. नव्या कोडचा चेहरामोहरा उगाच बदलला की ती दुरुस्ती मागे नेताना प्रत्येक वेळी अडते. माझा स्वतःचा पहिला पॅच याच कारणाने परत आला होता. दोन दिवस वाईट वाटलं, मग कारण पटलं.

मग लिहायचं काय? जिथे तुम्ही स्वतः अडखळलात ते. दिशाभूल करणारा एरर संदेश, दस्तऐवजातलं अपुरं वाक्य, ज्या ओळींवरून एकही टेस्ट जात नाही अशा ओळींसाठी टेस्ट, पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनात टॅब दाबल्यावर न सुचवला जाणारा शब्द. मोठं काही मनात असेल तर कोड लिहिण्याआधी कल्पना मांडा आणि लोक काय म्हणतात ते ऐका. पॅचमधल्या प्रत्येक ओळीचं "का" तुम्हाला सांगता आलं पाहिजे. यंत्राकडून कोड लिहून घेऊन तो न समजता पुढे पाठवणं म्हणजे ज्या तपासणाऱ्यांची आधीच टंचाई आहे त्यांचे तास वाया घालवणं.

इंग्रजीचं एवढं मनावर घेऊ नका. तिथे लिहिणाऱ्या अनेकांची ती मातृभाषा नाही. मी अमुक आवृत्तीवर या चार कमांड चालवल्या, हे अपेक्षित होतं, हे झालं. एवढी छोटी वाक्यं पुरतात, आणि सोबत जशीच्या तशी चालणारी स्क्रिप्ट असेल तर व्याकरणाकडे कुणी बघत नाही. ईमेल साध्या मजकुरात ठेवा आणि उत्तर देताना समोरच्याच्या मुद्द्याखाली आपला मुद्दा लिहा. तिथल्या उत्तरांचा सूर कधी कोरडा वाटेल. "हे चुकीचं आहे" असं कुणी लिहिलं तर ते कोडबद्दल आहे असं धरून चाला. महिनाभर काहीच उत्तर आलं नाही तर सौम्यपणे आठवण करा. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, सगळेच करतात.

एक गोष्ट इतर डेटाबेसबद्दल, कारण पुढे कधी तुम्हाला तिकडे जावंसं वाटेल. उघडा कोड म्हणजे उघडं दार असं नेहमी नसतं. एसक्यूलाइटचा कोड सार्वजनिक मालकीचा आहे आणि वाचायला सुंदर आहे, पण बाहेरच्यांचे पॅच ते सहसा घेत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये आधी त्याची मालक कंपनी ओरॅकल हिच्या करारावर सही करावी लागते. दुसऱ्या प्रकल्पात रविवार घालण्याआधी हे तपासून घ्या.

आता तुमच्या त्या फाइलकडे. टेबलात दहा लाख ओळी भरा, क्रमांक एकपासून चढते. पहिल्या पाच लाख डिलीट करा, व्हॅक्यूम चालवा आणि टेबलचा आकार बघा. तेवढाच असेल. आता टेबल नव्याने भरून या वेळी शेवटच्या पाच लाख डिलीट करा आणि पुन्हा व्हॅक्यूम. आकार जवळजवळ निम्मा होईल. साधा व्हॅक्यूम मधली मोकळी जागा पुढच्या ओळींसाठी राखून ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तो परत देतो ती फक्त फाइलच्या शेपटाकडची रिकामी पानं, आणि तीही किमान १००० पानं किंवा फाइलचा सोळावा हिस्सा सुटणार असेल तरच. त्यासाठी त्याला टेबलवर सगळ्यात कडक लॉक लागतो. तो मिळाला नाही, किंवा कुणी ताटकळत असलेलं दिसलं, तर तो माघार घेतो. आणि कुठेतरी एखादी जुनी ट्रान्झॅक्शन उघडी राहिली असेल तर तिला अजून दिसू शकणाऱ्या ओळी मुळात काढल्याच जात नाहीत. तुमच्या बाबतीत यांपैकी काय झालं होतं ते तुम्हीच शोधू शकाल. 'व्हॅक्यूमलेझी' नावाच्या फाइलमध्ये 'लेझी_ट्रंकेट_हीप' हे फंक्शन आहे. तिथे ब्रेकपॉइंट लावा आणि वर सांगितलेले दोन्ही प्रयोग त्यावरून न्या. पहिल्या प्रयोगात तिथवर पोहोचताच येत नाही असं दिसेल, तर कोण अडवतं ते वरच्या फंक्शनमध्ये बघा.

हे झालं की दस्तऐवजातलं व्हॅक्यूमचं पान उघडा आणि त्या दिवशी अडकलेल्या तुम्हाला ते पुरलं असतं का, हे विचारा. पुरलं नसतं, तर कुठलं वाक्य कमी पडलं ते खूण करून ठेवा. तुमचा पहिला पॅच त्या वाक्याचा असू द्या.